सॉल्टबर्न, मंगळवारच्या आधी

समुद्र तर समुद्र, म्हणालात वन्सं,
पण हॉटेल नको, उगाच खर्च.
म्हणून ही माडीवरची भाड्याची खोली,
एकोणीस पायऱ्या (तुम्ही मोजल्यात),
आणि खिडकीत
समुद्र कमी, शेजारणीचं धुराडं जास्त.

श्रीरंग आला नाही.
ऑफिसचं काम निघालं,
असं आपण दोघींनी धरून चाललो.
शुक्रवारी डिकीत बॅगा ठेवताना
तो बहिणीकडे न बघता टायरची हवा बघत होता,
चारही टायरची, दोनदा.

लीड्स सोडल्यापासून ती निळी फाइल तुमच्या मांडीवर,
लग्नघरात दागिन्यांची पिशवी धरायचात तशी,
दोन्ही हातांनी.
थर्स्क मागे पडलं तेव्हा म्हणालात,
अडतीसच्या वर ताप गेला तर फोन करायचा,
कितीही वाजलेले असोत.
करू, मी म्हटलं.
करू नाही. तू करायचास.
मला तेव्हा सुचायचं नाही.

शनिवार सगळा वाऱ्याचा.
काळ्या रबरी कपड्यांतली पोरं
बगलेत फळ्या मारून त्या गारठ्यात पाण्यात शिरत होती.
यांच्या आया कुठे आहेत, तुम्ही विचारलंत,
मलाच, जशी मी इथली सरपंच.
लाकडी धक्क्याच्या आडोशाला डबा उघडला
तर बटाट्याच्या भाजीत वाळू.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्या भाजीत खरोखर दाताखाली येण्यासारखं काही होतं
आणि तुम्ही मुकाट्याने पोळी संपवलीत.
मला ते सहन होईना.
बोला ना काहीतरी, मी म्हटलं.
मीठ बरोबर आहे, म्हणालात.

पलीकडच्या टपरीवर लेमन टॉप मिळतं,
मशीनमधून पिळलेलं पांढरं आइस्क्रीम,
माथ्यावर लिंबाचा पिवळा गोळा.
फाइलमध्ये सातव्या पानावर आहे,
मशीनचं मऊ आइस्क्रीम टाळावे.
मंगळवारपासून ना, म्हणालात,
आणि दोन घेतलीत.
दोन्ही तुम्हालाच.
दुसरं अर्ध्यात असताना,
हनुवटीवर पिवळा ओघळ,
तुम्ही समुद्राला सांगितल्यासारखं बोललात:
जिभेला म्हणे पत्र्याची चव येते,
कशालाच चव लागत नाही.
तेव्हा स्वयंपाक तूच कर.
मी नावं ठेवणार नाही.

मी हसले. मग तुम्ही.
बाकावरचा म्हातारा आपला कुत्रा जवळ ओढून
आमच्याकडे बघत राहिला,
इतकं ते हसणं लांबलं,
आणि शेवटी शेवटी
ते हसणं आहे की नाही,
ते दोघींनीही तपासलं नाही.

रात्री वेणी सोडलीत तर उशीवर वाळू.
कंगवा घेऊन मी उठले.
राहू दे, म्हणालात,
जाईल केसांबरोबर.
आणि दिवा मालवलात,
मला उत्तर शोधायला लागू नये म्हणून.

रविवारी कडा चढायची वेळ आली.
तिथे दोन जुने डबे आहेत, रंगीत काचांचे,
एक वर असला की एक खाली, मध्ये दोर.
वरच्यात पाणी भरतात,
तो जड होऊन उतरतो
आणि खालचा ओढला जातो वर.
किती पाणी, तुम्ही त्या माणसाला विचारलंत.
कौन्सिलात तीस वर्षं हिशोब तपासलेत,
आकडा कळल्याशिवाय तुम्ही कशात बसत नाही.
ते खाली किती माणसं बसलीत त्यावर, तो म्हणाला.

म्हणजे इथेही वजन, तुम्ही माझ्या कानाशी.
गुरुवारी त्यांनीही घेतलं होतं, उंची आणि वजन,
त्यावरून औषधाचं माप.
दोन किलो कमी भरलात,
ते श्रीरंगला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

दार लागलं.
तुम्ही खिडकीकडची जागा घेतलीत,
फाइल पहिल्यांदाच माझ्याकडे दिलीत.
निळ्या काचेतून तुमचा एक गाल निळा.
आपण खाली बसून होतो
आणि वर, दिसत नव्हतं तिथे,
कोणीतरी पाणी भरत होतं, आवाज येत होता.

घाई नाही म्हणावं, म्हणालात.