नऊ मिनिटं, एकवीस सेकंद

ब्रेस्त. मार्च महिना, एकोणीसशे अकरा.
स्टेशनच्या घड्याळांना किल्ली देणारा गुलवेन
मध्यरात्री शिडीवर चढून
लंबक धरून उभा आहे,
दाव्याला ओढ देणारं वासरू धरावं तसा,
मानेपाशी, फार न आवळता.

खाली कंदील घेऊन पोरगा, एवेन.
किती वेळ?
नऊ मिनिटं, एकवीस सेकंद.
पॅरिसहून तसा कागद आलाय.

कागदात लिहिलंय,
देशाची वेळ म्हणजे पॅरिसचीच वेळ,
फक्त नऊ मिनिटं एकवीस सेकंद मागे सारलेली.
ग्रीनिचचं नाव कुठेही नाही.
ज्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत,
'आमच्याकडचे' म्हणत,
आणि चूल मात्र त्याच्याच वेळेला पेटवत,
त्यांना हा कायदा
एका वाचनात कळला असता.

थांबलेला वेळ मोजायला
चालतं घड्याळ लागतं.
ते गुलवेनच्या डाव्या मुठीत आहे, टकटकतंय.

पोराचं समाधान होत नाही.
मग गुलवेन शिडीवरूनच सांगतो:
तीनशे साठ अंश, चोवीस तास,
एका अंशाला चार मिनिटं.
सूर्य आपल्याकडे येत नाही रे,
आपणच त्याच्या दारावरून जातो, रांगेने.
पॅरिस आधी. आपण सत्तावीस मिनिटांनी.

मग खरे बारा कुणाचे?

ज्याचे त्याचे होते. मग रेल्वे आली.

विषुववृत्त पृथ्वी स्वतःच आखते, फिरता फिरता.
उभ्या रेघांचं तसं नाही.
तिथे शून्य कुठे मांडायचं
ते माणसं ठरवतात,
आणि ज्याची गलबतं जास्त, ज्याचे नकाशे जास्त,
त्याच्या अंगणात ते मांडलं जातं.

(फलाटावरचं घड्याळ
बाहेरच्या घड्याळापेक्षा पाच मिनिटं मागे असे,
धावत येणाऱ्यांसाठी.
सरकारी शिक्क्याची दया.
उद्यापासून तीही बंद.)

सहा मिनिटं झाली. सात.
गुलवेनचा दंड भरून आला.
रुळावर एक इंजिन उगाच वाफ सोडत उभं.
बंदरात भरती चढतच होती,
तिला कागद आलेला नव्हता.

मग त्याने हात काढून घेतला.
लंबक क्षणभर बावचळला,
आणि चालू लागला, काही न घडल्यासारखा.
देश नऊ मिनिटांनी धाकटा झाला होता.
पोराने जांभई दिली.

ईस्टरच्या रविवारी गुलवेन होडीने उएसाँला गेला.
त्या बेटावर त्याची आई, आझेनोर.
धुराड्याची सावली
विहिरीच्या कठड्याला टेकली की तिचे बारा.
वीस वर्षं त्या दोघांचं एकच भांडण:
तो खिशातून घड्याळ काढी, म्हणे, साडेबारा झाले.
ती म्हणे, कुणाचे?

आज सावली टेकली.
त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं. बारा वीस.
तिने डोळे बारीक करून पाहिलं,
एकदा काट्यांकडे, एकदा विहिरीकडे.

'सुधारतंय तुझं यंत्र,' ती म्हणाली,
'अजून वीस राहिली.'
आणि उकडलेल्या बटाट्यांचं पाणी
दाराबाहेर ओतून आली.