खाणावळीची वही

शिरोलीत फाउंड्रीच्या मागं माझी खाणावळ.
डबे एकवीस. भात जास्त लागतो त्यांना,
भाकरी अजून गळ्याखाली उतरत न्हाई.
रश्शात मीच आता थोडं पाणी घालते.

कंत्राटदार म्हणला, ही माणसं माझ्याकडं नव्हतीच.
तीन महिन्यांचा पगार त्याच्याकडं,
आधार कार्डं त्याच्या ड्रॉवरात,
आणि मस्टरवर नाव एकाचंबी न्हाई.

तालमीत बैठक भरली.
लाल मातीच्या कडेला चपला काढून
ओडिशाची पोरं भिंतीला टेकली, गप.
सही करा म्हणलं की
आपल्याच पायाकडं बघायची.
आमच्यातलाच एक पुटपुटला, "परक्यांसाठी कशाला?"
वस्ताद बाळगोंडा म्हणले, "जाताना दार लावून घे."

मग मी पिशवीतनं वही काढली.
अकरा महिने, रोज रात्री, पेन्सिलीनं:
सनातन, एक डबा, दुसरी पाळी.
त्रिलोचन, एक, भात जादा.
दंडपाणी, हात भाजलाय, नुसती पेज.

कामगार कचेरीत साहेबानं
डाळीचे डाग पडलेली पानं
एकेक करून उलटली.
वकील हसला, हा काय पुरावा?
म्हणलं, जो जेवला त्यो नव्हता कसा?

पुढची तारीख सोळाला.
सह्या एकोणीस झाल्यात. दोघं अजून भितात.

येताना बसमध्ये सनातन म्हणला,
"मौसी, वही जपून ठेव."
ठेवते की.
तुझी बाकीबी तिच्यातच हाय,
दोन हजार एकशे चाळीस.
पगार सुटला की आधी ती.