बुधवार, शुक्रवार

देस्सेच्या उतारावर आमची दोन घरं,
मध्ये निवडुंगाचं कुंपण, कमरेइतकं.
पलीकडे तोयबा. अलीकडे माझी आई, अस्नाकेच.
मीठ जायचं, निखारे जायचे, रडणारं मूल जायचं
कुंपणावरून.
मांस जात नसे.

सुरी फिरवताना त्यांचा सईद एक नाव घ्यायचा,
माझे वडील दुसरं.
आणि नाव एकदा रक्तात उतरलं
की मसाला कितीही घाला, निघत नाही,
असं आई म्हणायची.
तोयबाही तेच म्हणायची.

आत्याच्या लग्नात दोन चुली, दोन पातेली, दोन डाव.
मी सहा वर्षांची. माझ्या हातून डाव बदलला.
अख्खं पातेलं ओतलं कुत्र्यांना;
त्यांनी कुठलं नाव ते विचारलं नाही.
मला कुणी मारलं नाही.
मीच जेवले नाही त्या रात्री.

पण बुधवारी, शुक्रवारी आमचा उपास.
मांस नाही, दूध नाही, अंडं नाही,
दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब नाही.
मग शिरो: वाटाण्याचं पीठ, लाल तिखट, तेल,
खदखदणारा, कुणाच्याही जिवावर न बेतलेला.
तोयबा हात धुऊन यायची.
एकाच इंजेऱ्याच्या दोन कडांनी दोघी सुरू करायच्या,
मधोमध पोचल्या की आई घास वळून
तिच्या तोंडात कोंबायची,
नको नको म्हणेपर्यंत.
लोक सणाची वाट बघतात.
मी शुक्रवारची बघायचे.

जिवंत कोंबडी मात्र चालायची.
जिवंत कोंबडीला अजून धर्म नसतो.
पंचावन्न दिवसांचा उपास सुटायच्या आदल्या संध्याकाळी
तोयबा एक धाडायची, पाय बांधून.
अराफाच्या ईदला आईकडून तिला एक.

एका वर्षी बाबा तापाने फणफणलेले,
आणि बाईनं सुरी धरायची नाही, हाही नियमच.
पहाटे कोंबडे आरवले, माणसं देवळातून परतली,
आमच्या ताटात पुन्हा शिरो.
कोंबडी अंगणात हिंडू लागली, अंडी घालू लागली.
ईद आली. घरात दुसरी नव्हती.
आईनं तीच उचलली, माती झटकली, कुंपणावरून दिली.
तोयबानं पायाचं तुटकं बोट पाहिलं
आणि निवडुंगाचा आधार घ्यावा लागेल, इतकी हसली.

सईद सुरी परजून उभा.
"राहू दे रे," ती म्हणाली,
"आज शुक्रवार आहे."