शून्य पॉइंट अठ्ठ्याऐंशी

केटरिंगमध्ये गुरुवारी संध्याकाळी
मेथडिस्ट चर्चमागच्या स्काउटांच्या शेडमध्ये
चार टेबलं जोडून वाळवंट मांडतात.
टेकड्या थर्माकोलच्या, वाळू म्हणजे सँडपेपर,
किटलीजवळ पन्नास पेन्स टाकायचा डबा.

निहार लीड्सला गेला, त्याचं नियमपुस्तक मागे राहिलं,
आणि मी, आठवडाभर कौन्सिलच्या पगारपत्रकात
दुसऱ्यांच्या पेनी बसवणारी बाई,
त्याच्या खुर्चीत जाऊन बसले.
त्याला अजून सांगितलेलं नाही.

आज माझा रणगाडा कागदावर आहे.
साडेपाच टन चिलखत. टनाला अठरा गुण.
अठरा पाचे नव्वद, अठराची निमकी नऊ:
बाकीचे फोन उघडेपर्यंत माझे नव्याण्णव झालेले असतात.
पण चांगल्या पोलादाला वर बारा टक्के,
म्हणजे एकशे दहा पॉइंट अठ्ठ्याऐंशी.

अपूर्णांक सोडून द्यावा, म्हणतं पान एकेचाळीस.

आणि पान सव्वीस म्हणतं,
बुरुजाचं वजन तोफांच्या दहावा हिस्सा,
तो मात्र वरच्या अर्ध्या टनावर न्यावा.
अकरा टनांच्या तोफा. एक पॉइंट एक. धरायचे दीड.
म्हणजे चारशे किलो काहीच नाही
माझा रणगाडा जन्मभर वाहणार.

वजन वर, संरक्षण खाली.
ज्यानं हे लिहिलं
त्यानं कधीतरी घर चालवलं असावं.

बाबा साखर कारखान्याच्या काट्यावर होते.
गाडी चढायची, सुई थरथरायची,
वरून हुकूम होता: दहा किलोंच्या आतलं धरायचं नाही.
पावतीवर ते धरायचे नाहीत.
घरी येऊन निळ्या वहीत लिहायचे
तारीख, गाडी, सात किलो.
तारीख, गाडी, चार.
ती वही कुणी कधी मागितली नाही.
निवृत्तीनंतर त्यांनी ती बंबात घातली
की अजून माळ्यावर आहे,
यावरून आई आणि मी फोनवर भांडतो.

असो. एकशे दहा वाटायचे.
समोर अडतीस. बाजूंना बावीस बावीस.
बुरुजाला वीस.
उरले आठ, ते पाठीला.
पाठ दाखवायचीच नाही
असं सगळेच ठरवून येतात इथे.

चौथ्या फेरीत क्लिफर्ड टोझलंडची गाडी
ओढ्यातून वळसा घालून माझ्या मागे आली.
चाळीस वर्षं बूट-कारखान्यात चामडं कापलेली बोटं;
फासेसुद्धा तो धार बघितल्यासारखे उचलतो.
नऊ.
आठ चौकोन खोडले. एक आत गेला.

तो माझा कागद स्वतःकडे फिरवून
समासातली बेरीज वाचत राहिला.
"अठ्ठ्याऐंशी? मग नऊच की.
अर्ध्या नंबराच्या पायाला
लहान बूट नाही दिला आम्ही कधी."

झुकतं माप. कितव्या वर्षी, कुठल्या गावात,
आणि कुणाच्या हातून.

इमोजेन, वय वर्षं चौदा, पुस्तक आधीच उघडून बसलेली.
मी म्हटलं, नको. आठच.
का म्हटलं, ते नीटसं सांगता येत नाही.
पगारपत्रकात मी रोज कुणाला वर नेते, कुणाला खाली,
आणि रात्री मला झोप छान लागते.

आत गेलेल्या एकासाठी फासे टाकले.
दारूगोळा.
रणगाडा उचलून कापसाच्या डब्यात ठेवला,
सोबत ते चारशे किलोही.

मग कागदाच्या कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं,
तारीख, गाडी,
शून्य पॉइंट अठ्ठ्याऐंशी.

हे कशाला, इमोजेननं विचारलं.
किटली उकळायला लागली होती.
मी ऐकू न आल्यासारखं केलं
आणि तिलाही चहा विचारला.