सूचक : हेल्वी लाम्पी

एकतीस वर्षं मी तिच्या नावाआधी दोन टिंबं देत आलो
आणि ती जे बोलली त्यातलं निम्मंच लिहिलं.
नियमच तसा. इतिवृत्तात ठराव यावा,
सुस्कारा येऊ नये.

थंडर बे. सरोवराच्या वरच्या काठावरचं गाव,
ऑक्टोबरातच कानशिलं बधिर करणारं.
पहिल्यांदा ती निवडून आली सात मतांनी.
तेव्हा शाळेची बस चालवायची.
"सातही जण माहीत आहेत मला," म्हणायची,
"त्यांतले तिघे लहानपणी माझ्याच बसमध्ये ओकलेत."

पर्समध्ये लिपस्टिक नाही, लोखंडी टेप.
खड्डा दिसला की गुडघे टेकून बसायची,
मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकायच्या.
मग सोमवारी सभेत उभी :
"महापौर, बर्च रस्त्यावरचा खड्डा
पंधरा दिवसांत चार सेंटिमीटर वाढलाय.
माझा नातू एवढा वाढत नाही."
सभागृह हसलं. मी लिहिलं,
'सदस्यांनी रस्त्यांच्या स्थितीकडे लक्ष वेधले.'

बंदरावरची धान्याची कोठारं एकेक करून रिकामी झाली.
कागद गिरणीचा भोंगा बंद पडला
तेव्हा लोकांना आपली घड्याळं चुकल्यासारखं वाटलं.
ती मात्र गटारांवरच बोलत राहिली,
चिवटपणे, कंटाळा येईपर्यंत,
कंटाळा आल्यानंतरही.

आणि ती रात्र. मुद्दा क्रमांक नऊ, अकरा चाळीस.
पैसे एकाच कामापुरते :
शिशाचे जुने नळ बदलायचे,
की फिनलंड गल्लीतलं वाचनालय राखायचं.
सहा हात वर, सहा टेबलावर.
त्याच वाचनालयात तिची आई
इंग्रजीचं अक्षर न शिकता
वीस हिवाळे खिडकीपाशी बसली होती,
तीन आठवडे शिळी फिनिश वर्तमानपत्रं वाचत.
हेल्वीने चष्मा पुसला. परत पुसला.
हात वर केला, नळांसाठी.
'ठराव सात विरुद्ध सहा मतांनी मंजूर.'
एवढंच आहे पान दोनशे चारवर.

नंतर बेकरीतली सिर्का
तिचे सुटे पैसे हातात देईना,
काउंटरवर ठेवायची. नऊ वर्षं.
तीच सिर्का त्याच नळाचं पाणी भरून
रोज पहाटे पीठ मळायची.
चांगलं पाणी कोणाच्या लक्षात राहतं?
ते प्यायलं की संपलं.

हरली एकशे अठरा मतांनी.
जॅरेट वाबूस, वय सव्वीस,
पत्रकावर त्या बंद वाचनालयाचं दार.
तीन दिवस तिने त्याचं अभिनंदन केलं नाही.
चौथ्या दिवशी एक वही पाठवली,
कुठलं गटार मार्चमध्ये तुंबतं,
कुठला ठेकेदार फोन उचलत नाही,
आणि कोणाची आई गेलीय, जपून बोल.

निरोपाला काचेची तबकडी दिली.
तिच्या नावात एक अक्षर चुकलेलं.
मला दिसलं, तिलाही. काही बोलली नाही.
दुरुस्ती सुचवायची वेळ टळून गेली होती.

फेब्रुवारीत ती परत आली,
नागरिकांच्या रांगेत, तिसरी.
मी नियमाप्रमाणे विचारलं, "नाव?"
तिने सांगितलं. "पत्ता?"
तोही सांगितला, सावकाश, अक्षर अक्षर,
जणू मी काल नोकरीला लागलोय.
सूचक नाही, अनुमोदक नाही, तीन मिनिटं फक्त.

घंटा झाली. ती बोलतच होती.
दुसऱ्यांदा घंटा वाजवायला कोणाचा हात पुढे झाला नाही,
जॅरेट मान खाली घालून लिहून घेत होता.
तेवढ्यात बाहेरून बर्फ काढणारी गाडी गेली.
ती वाक्यातच थांबली, कान दिला,
आणि म्हणाली,
"पातं टेकत नाहीये त्याचं. डाव्या बाजूला."