तिरकी रेघ

खळ निबाल्दोच्या पातेल्यात शिजवली होती,
एकही गुठळी होऊ न देता. तेवढं एक काम नीट झालं.
दोनशे बारा पोस्टरं, एका रात्रीत,
वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर, पत्र्याच्या घरांवर,
मासळीबाजारामागच्या भिंतीवर,
जिथली कुत्री आता आमच्यावर भुंकत नाहीत.

पोस्टरवर सायेन. दक्षिणेतल्या तुरुंगात
तिच्या उपोषणाचा तो एक्केचाळिसावा दिवस.
चेहरा यास्नाने लाकडात कोरला,
केस मी, तीन दिवस, बट न् बट.
उजवा कोपरा रिकामा दिसत होता
म्हणून एक मेणबत्ती.
खाली तांबड्या अक्षरांत:
आम्ही तुझा आवाज आहोत.

खरं सांगते, फार देखणं वाटलं होतं ते.
आम्ही त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

नवव्या दिवशी तिची आई आली, रात्रभर बसने.
हातात गुंडाळी, भिंतीवरून सोललेली,
कडेला निळ्या रंगाचे पोपडे.
खुर्ची दिली, बसली नाही.
कागद टेबलावर उलगडला, चार कोपऱ्यांवर
आमच्याच शाईचे डबे ठेवले,
आणि मेणबत्तीवर बोट.
"ही कुणासाठी?"

नळ गळत होता. तो कुणी बंद केला नाही.

"माझा धाकटा इथे गोदीत असतो.
त्याने पहाटे हे पाहिलं, मला फोन लावला
आणि नुसता रडत राहिला.
तो बोलेपर्यंत चार मिनिटं
मी मेलेल्या मुलीची आई होते.
मुलगी जिवंत आहे. रविवारी डॉक्टरशी भांडली,
माझ्याशीही भांडली.
आवाज बारीक झालाय तिचा.
पण तिचा आहे."

त्या रात्री सात जण आणि एक वाक्य:
जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर.
एलिसेओ म्हणाला, आपला हेतू लिहा.
हेतू लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.
कुणी म्हणालं, आत्ता चूक कबूल केली
तर तुरुंगवाल्यांच्या हातात कोलीत.
मीच म्हणाले असेन. हो, मीच म्हणाले.

आमच्या भाषेत 'जर' आणि 'होय'
एकाच शब्दाच्या घरात राहतात,
फरक डोक्यावरच्या एका तिरक्या रेघेचा.
यास्नाने वाक्य पुढ्यात ओढलं
आणि पहिल्याच शब्दावर रेघ दिली.
पुढचं सगळं वाक्य कोसळलं.

होय. आम्ही तिला विचारलं नाही.
तिच्या घरच्यांना विचारलं नाही.
जिवंत बाईपुढे मेणबत्ती लावली,
कारण कोपरा रिकामा होता.
तिला आवाज होता. आम्हाला पोस्टर हवं होतं.
खाली सात नावं, संस्थेचा शिक्का नाही.
शिक्क्याआड लपता येतं.

लाकडावरची मेणबत्ती तासून काढू, असंही ठरलं होतं.
पण ठशातून जे काढावं ते पांढरं उमटतं.
कोपऱ्यात उरली असती
मेणबत्तीच्याच आकाराची कोरी जागा.
ठसा आईने मागितला. दिला.
काय करणार, ते विचारलं नाही.
न विचारण्याचीही एक बरी जात असते,
ती आम्ही उशिरा शिकलो.

मग बादल्या, गरम पाणी, खरवडण्या.
खळ चांगली जमली होती, त्याची ही शिक्षा.
एकशे चौऱ्याण्णव निघाली.
काही इतर जाहिरातींखाली गेली,
एक कॉफीच्या दुकानात चौकटीत लटकतंय,
मालक म्हणतो, कलाकृती आहे, देत नाही.

तिसऱ्या पहाटे मासळीबाजारामागे
एक मुलगा येऊन उभा राहिला,
गोदीतले बूट, डोळे थेट सायेनचे.
माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही.
माझ्या हातातली खरवडणी घेतली,
पातं उलटं धरलं होतं मी,
ते सरळ केलं, आणि कपाळापासून सुरुवात केली,
सावकाश, कागद फाटू न देता.

उजाडल्यावर बादली पालथी घालून एवढंच विचारलं,
"उद्या किती वाजता?"