पहिले चाळीस

भट्टी विझवून पहाटे घरी येतो
तेव्हा स्नेंटनच्या गल्लीत अंधारच असतो.
नखांतलं पीठ निघत नाही.
तसाच बसतो दिव्याखाली,
बुचावर चिकटवलेला शिपाई डाव्या हातात,
मनगटाला मनगट टेकवून,
श्वास अर्ध्यात अडवून.

अठ्ठावीस मिलिमीटरचा माणूस.
त्याचा डोळा म्हणजे खसखशीचा दाणा,
तोही अर्धा.

पहिल्या हिवाळ्यात चाळीस शिपाई रंगवले
आणि चाळीसच्या चाळीस दचकलेले.
पांढरा ठिपका मोठा, काळा टिंब मधोमध,
जणू आत्ताच कुणीतरी त्यांना सांगितलंय
कुठे निघालोय ते.
बायको म्हणाली, यांना आधी चहा तरी पाज.

दर गुरुवारी चॅपलच्या हॉलमध्ये
नॉरिस पॅजेट शिकवायचा,
म्हणजे शेजारी बसायचा.
"रंग दाट आहे."
पाणी घातलं.
"अजून दाट आहे."
दुधासारखा नको, दुधाचं पातेलं विसळलेल्या
पाण्यासारखा हवा.
एक थर. वाळू दे. मग दुसरा.
घाई केली की कोटाची बटणं बुडतात,
बोटं एकमेकांना चिकटतात,
माणूस बदकासारखा दिसतो.

मी बेकर. मला वाटायचं,
थांबणं तर आपल्या हातातलं काम.
पण कणकेची वाट बघणारा मी
रंगाची वाट बघायला शिकलो
तोवर फेब्रुवारी उलटला होता,
आणि कुंचल्याचं टोक ओठांत धरून धरून
जिभेला निळ्याची चव कळू लागली होती.

एकदाच तो सलग बोलला:
डोळे आधी कर, चेहरा नंतर.
डोळा काढायचा नसतो.
चारी बाजूंनी कातडी आत आण,
उरेल तो डोळा.

तिसऱ्या हिवाळ्यात मी डोळे काढणंच सोडलं.
भुवईखाली तपकिरी सावली, एक रेघ, बस.
हातभर अंतरावरून माणूस बघतो.
माझे शिपाई आता शांत, शूर,
टोपीच्या कडेखालून सरळ पुढे पाहणारे.
डर्बीला तिसरं बक्षीस मिळालं,
बायकोने ते फ्रिजवर लावलं.

मग ठरवलं, जुने चाळीस स्पिरिटमध्ये बुडवायचे,
रंग उतरवायचा, नव्याने करायचे.
बरणी आणि बिस्किटांचा डबा घेऊन हॉलवर गेलो.
नॉरिसने त्यातला एक उचलला.
चष्मा कपाळावर सारला, डोळ्यांशी धरला.
एकोणिसाव्या वर्षी तो एडनला होता,
हे त्याच्या मुलीने सांगितलेलं.
त्याने कधीच नाही.

हॉलमध्ये कुणीतरी फासे टाकत होतं, हसत होतं.
तो बघत राहिला.
"रंग दाट आहे," म्हणाला शेवटी,
आणि माझ्या बरणीचं झाकण
घट्ट फिरवून बंद केलं.

घरी येऊन मोजले.
एकोणचाळीस.
पुन्हा मोजले,
मग कामाची वेळ झाली.